पहिली २०० किलोमीटरची बीआरएम : तयारीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत

हिवाळा लागला की सायकल चालवणाऱ्यांच्या गटात एक प्रश्न हमखास येतो. "रविवारी पन्नास-साठ किलोमीटर आरामात होतात. बीआरएमला नाव घालू का?" बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. माझं उत्तर ठरलेलं आहे. घाला, पण आजपासून दहा आठवड्यांनी होणाऱ्या राइडला. २०० किलोमीटर हा आकडा ऐकून छाती दडपते, पण नोकरी करून आणि घर सांभाळून सायकल चालवणाऱ्या माणसाच्या तो आवाक्यातला आहे. अर्ध्यात सोडणाऱ्यांना मी जवळून पाहिलंय. त्यातल्या फार थोड्यांचे पाय संपलेले असतात. कुणाची वेळ चहाच्या टपऱ्यांवर गेलेली असते, कुणाचं पोट बिघडलेलं असतं, कुणी पहिल्याच तासात ओळखीच्या वेगवान रायडरच्या मागे लागून दम घालवलेला असतो. तिन्ही गोष्टी घरी बसून, कागद-पेन घेऊन टाळता येतात. हा लेख त्यासाठीच आहे.

बीआरएम म्हणजे काय

ब्रेव्हे द रांदोनर मोंदियो या फ्रेंच नावाचं हे लघुरूप. ब्रेव्हे म्हणजे प्रमाणपत्र, आणि रांदोनर म्हणजे लांब पल्ल्याचा भटका सायकलस्वार. आपल्याकडे सगळे त्याला रँडोनर म्हणतात. जगभरातल्या या राइड्सचे निकाल ऑडॅक्स क्लब पॅरिसियां हा १९०४ साली पॅरिसमध्ये सुरू झालेला क्लब तपासून नोंदवतो. भारतात त्यांच्या वतीने ऑडॅक्स इंडिया रँडोनर्स ही संस्था काम पाहते. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा शहरांतले क्लब तिच्या छत्राखाली राइड भरवतात. नोंदणी संस्थेच्या संकेतस्थळावर होते आणि वर्षभराचं वेळापत्रकही तिथेच असतं.

ही शर्यत नव्हे, हे मनात पक्कं करा. पहिला-दुसरा क्रमांक कुणाला देत नाहीत. वेळेत पोचलेला प्रत्येक जण सारखाच. वेळेच्या मर्यादा अशा : २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटं, ३०० ला २० तास, ४०० ला २७ तास, ६०० ला ४० तास. नोव्हेंबर ते ऑक्टोबर या एका हंगामात हे चारही पल्ले पूर्ण केले की 'सुपर रँडोनर' होता येतं. चार वर्षांतून एकदा होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या १,२०० किलोमीटरच्या राइडला पात्र ठरायचं, तर त्याच वर्षी ही मालिका पूर्ण करावी लागते. ती राइड १८९१ साली पहिल्यांदा झाली, गेल्या वेळी २०२३ मध्ये झाली आणि पुढची २०२७ मध्ये आहे. पण तो विषय नंतरचा.

वाटेत ठरावीक ठिकाणी 'कंट्रोल' असतात. तिथे ब्रेव्हे कार्डावर वेळ आणि सही-शिक्का घ्यायचा. प्रत्येक कंट्रोल उघडायची आणि बंद व्हायची वेळ ठरलेली असते. १०० किलोमीटरवरचा कंट्रोल सुरुवातीनंतर २ तास ५६ मिनिटांनी उघडतो आणि ६ तास ४० मिनिटांनी बंद होतो. जिथे माणूस बसवलेला नसतो तिथे एटीएमची चिठ्ठी किंवा हॉटेलचं वेळ छापलेलं बिल पुरावा म्हणून आणायला सांगतात, किंवा समोरच्या पाटीवर काय लिहिलंय असा प्रश्न कार्डावर छापलेला असतो. चिठ्ठी घेतली की लगेच कार्डासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत टाका. घामाने त्या चिठ्ठीवरची छपाई पुसली जाते.

आणखी एक नियम नवख्यांना माहीत नसतो. दोन कंट्रोलच्या मध्ये घरच्यांची गाडी मागून येऊन पाणी, खाणं, सामान देऊ शकत नाही. दुकानातून विकत घेतलेलं चालतं, सहरायडरने मदत केलेली चालते. प्रेमापोटी गाडी घेऊन आलेल्या नवऱ्यामुळे किंवा भावामुळे बाद व्हायची वेळ येऊ नये, म्हणून हे घरी आधीच नीट सांगून ठेवा.

सायकल : नवी घेऊ नका, आहे ती नीट करा

रोड बाइकच हवी असं काही नाही. हायब्रिडवर २०० करणारे भरपूर आहेत. बिनगिअरच्या साध्या सायकलवर करणारेही आहेत. एमटीबी म्हणजे माउंटन बाइक असेल तर जाड काट्यांचे टायर काढून गुळगुळीत टायर बसवा, तेवढ्याने फार फरक पडतो. महिनाभर आधी सायकल ओळखीच्या मेकॅनिककडे नेऊन चेन, ब्रेक पॅड, गिअर केबल आणि चाकांचा ट्रू, म्हणजे चाकं न डगमगता सरळ फिरतात का, ते तपासून घ्या. राइडच्या आदल्या दिवशी कुठलाही भाग बदलू नका.

सीटची उंची मात्र स्वतः पाहा. भिंतीला टेकून सीटवर बसा, एक पेडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला कलायला नको. मग चवड्याने पेडल मारताना गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं तर बहुतेकदा सीट खाली असते, मागच्या बाजूला दुखलं तर वर. बदल करायचा तो पाच-पाच मिलिमीटरचा, आणि मध्ये दोन राइड जाऊ द्यायच्या.

दिवे सायकलला घट्ट बसवलेले हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल. अनेकांना वाटतं की २०० म्हणजे दिवसाची राइड, मग दिवा कशाला? जानेवारीत पुण्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि सव्वासहाच्या आसपास मावळतो. सकाळी ६ ला सुटलात तर शेवटची मर्यादा संध्याकाळी ७:३० ची. म्हणजे पहिला तास अंधारात आणि कदाचित शेवटचाही. हेल्मेट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट नसेल तर सुरुवातीलाच थांबवतात, आणि योग्यच करतात.

पंक्चर : याचा सराव घरी करा

सोबत दोन ट्यूब, पॅच, दोन टायर लिव्हर, पंप, मल्टिटूल आणि चेनची जादा लिंक हवी. हे सगळेच सांगतात. पुढच्या दोन गोष्टी मात्र मला रस्त्यावर शिकाव्या लागल्या.

शिरवळच्या पुढे एकदा माझं मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, हवा भरली, दोन किलोमीटर गेले आणि चाक पुन्हा बसलं. दुसरी ट्यूब घातली, पुन्हा तेच. दोन्ही ट्यूब संपल्या म्हणून हातात सायकल धरून एका पंक्चरवाल्याच्या टपरीपर्यंत चालत गेले. त्या दादांनी ट्यूबकडे पाहिलंसुद्धा नाही. टायर हातात घेतला, खिशातला कापसाचा बोळा टायरच्या आतून सावकाश फिरवला आणि एका जागी कापसाचा धागा अडकला. तिथे केसाएवढी बारीक तार होती, बाहेरून अजिबात दिसत नव्हती. ट्रकचे टायर फुटतात तेव्हा त्यांच्यातल्या पोलादी जाळीचे तुकडे महामार्गाच्या कडेला उडून पडतात, आणि सायकली नेमक्या त्याच कडेने जातात. दादांनी चिमट्याने तार ओढून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. नखाएवढी होती. तेव्हापासून माझ्या पिशवीत कापूस आणि छोटा चिमटा कायम असतो. ट्यूब बदलण्याआधी टायर आतून तपासायचा, आणि तोही बोटाने नव्हे. बोट चिरतं.

दुसरी गोष्ट व्हॉल्व्हची. चांगल्या सायकलींना बारीक, लांब आणि टोकाला छोटा स्क्रू असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. पंक्चरवाल्याकडच्या किंवा पेट्रोल पंपावरच्या हवेच्या नळीचं तोंड त्याला बसत नाही. त्यावर फिरवून बसवायचं एक छोटं पितळी अ‍ॅडॉप्टर मिळतं. किंमत किरकोळ, वजन नगण्य. ते व्हॉल्व्हलाच बसवून ठेवलं तरी चालतं. नाहीतर टायरला लागणारी हवा हातपंपाने भरताना दीड-दोनशे वेळा दांडा मारावा लागतो आणि पुढचे वीस किलोमीटर हात थरथरतात.

घरी मागचं चाक काढून, ट्यूब बदलून, पुन्हा बसवायला किती वेळ लागतो ते मोजा. पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागतील. पंधरावर आली की तयार झालात.

दहा आठवडे

हे वेळापत्रक आठवड्यातून तीन दिवस सायकल चालवू शकणाऱ्यासाठी आहे. मधल्या वारी दोनदा २५ ते ३० किलोमीटर. त्यातला एक दिवस सपाट रस्त्यावर, न थांबता, सलग. दुसरा चढाचा. पुणेकरांना कात्रज, बोपदेव, दिवे घाट आहेत. जिथे घाट नाही तिथे एखादा लांब उड्डाणपूल आठ-दहा वेळा चढा, कंटाळवाणं आहे पण उपयोगी पडतं.

रविवारी लांब राइड. पहिल्या आठवड्यात ५० किलोमीटर, मग ६०, ७५, आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी, पुन्हा ५०. मग ९०, १०५, १२५. आठव्या आठवड्यात कमी, ७०. नवव्या आठवड्यात १५०. दहाव्यात फक्त दोनदा वीस-वीस किलोमीटर, पाय मोकळे ठेवण्यापुरते. १५० पर्यंत गेलात की २०० होतात. शेवटचे ५० किलोमीटर सरावात करून पाहायची गरज नसते.

या राइड्स किती वेगाने करायच्या? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र नसलं तरी ही कसोटी पुरते. एक लांब राइड मुद्दाम दुपारच्या उन्हात करा, आणि एक पहाटे अंधारात निघून. कपडे, पिशवी, दिवे, खाणं, सगळं शेवटच्या दोन लांब राइड्समध्ये तेच वापरा जे बीआरएमला वापरणार आहात. पॅडेड शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालत नाहीत, हे बरेच जण पहिल्या जखमेनंतर शिकतात. जांघेत पेट्रोलियम जेली किंवा नुसतं खोबरेल लावलं तरी घासणं बरंच कमी होतं.

पहिली बीआरएम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली निवडा. मार्चनंतर विदर्भ-मराठवाड्यात तर सोडाच, साताऱ्याकडेही दुपार भाजून काढते. पावसाळ्यात पश्चिमेकडून येणारा वारा सलग तीन-चार तास तोंडावर बसला तर सरावलेले रायडरही हतबल होतात.

पोट

सायकलवर बसून तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. दोन मध्यम केळी म्हणजे साधारण ५०. पहिल्या तासापासून खायचं, भूक लागायची वाट पाहायची नाही. घड्याळात दर तीस मिनिटांचा गजर लावा आणि गजर वाजला की दोन घास खा.

बाजारात महागड्या जेलची पाकिटं मिळतात. पण आपल्या स्वयंपाकघरात या कामासाठी इतके चांगले पदार्थ आहेत की मला जेलची गरज कधी वाटली नाही. गुळपोळी याबाबतीत अव्वल. ती फुटत नाही, पाझरत नाही, चार दिवस टिकते, आणि चौकोनी तुकडे करून बटर पेपरमध्ये गुंडाळले की एका हाताने खाता येते. राजगिऱ्याचे लाडू, खजूर, शेंगदाण्याची चिक्की हेही बरोबर असावं. पाच-सहा तासांनी गोडाचा वीट येतो, तेव्हा मीठ लावलेले उकडलेले छोटे बटाटे फार गोड लागतात. सुरुवातीच्या दोन तास आधी घरून पोहे किंवा दूध-भात असं हलकं, नेहमीचं काही खाऊन निघा.

वाटेवर काय टाळायचं? मिसळ, वडापाव, भजी आणि पोट भरून थाळी. कितीही मन झालं तरी. मधल्या कंट्रोलजवळ दहीभात मिळाला तर त्यासारखं दुसरं नाही. इडलीही चालते, सांबार बेताने घ्या.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, उन्हात त्याहून जास्त. पण नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजणं ही त्याची सुरुवात असते आणि पुढे ते जिवावर बेतू शकतं. दोन बाटल्यांपैकी एकीत साधं पाणी आणि एकीत ओआरएस ठेवा. ओआरएसचं नेहमीचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ते सगळं ओतलं तर द्रावण फार दाट होतं आणि पोट ढवळतं. म्हणून अर्धंच घाला, किंवा २०० मिलीलिटरची छोटी पाकिटं मिळतात ती मोजून घ्या. नारळपाणी छानच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं असतं, म्हणून बरोबर चिमूटभर मीठ चाटा. कोकम सरबत किंवा लिंबू सरबत मीठ जास्त घालून मागा.

बायकांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण ती कुणी लिहीत नाही. स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने आम्ही पाणी कमी पितो आणि दुपारी त्याची किंमत मोजतो. महामार्गावर दर काही किलोमीटरवर पेट्रोल पंप असतो, आणि पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि हवा मोफत द्यायची असा नियम आहे. कुलूप असेल तर किल्ली मागा, संकोच करू नका. पाळीच्या दिवसांत राइड आली तर पॅडेड शॉर्ट्सवर कप किंवा टॅम्पॉन जास्त सोयीचा पडतो. पण त्याचाही प्रयोग आधी एखाद्या लांब राइडला करा, थेट बीआरएमला नको.

दिवसाचा हिशेब

कागद इथे काढायचा. समजा तुमचा चालता सरासरी वेग ताशी २० आहे. २०० किलोमीटरला चालते दहा तास. मर्यादा साडेतेरा. हातात साडेतीन तास उरतात, आणि ते ऐकून मन सैल पडतं. आता थांबे मोजा. चार कंट्रोल, प्रत्येकी वीस मिनिटं धरली तर ऐंशी. एक पंक्चर वीस मिनिटं. पाणी भरायला चार वेळा पाच-पाच मिनिटं, म्हणजे आणखी वीस. सिग्नल, फोन, रस्ता चुकणं, चष्मा पुसणं, जॅकेट काढणं मिळून अर्धा तास. इथेच अडीच तास गेले. दुपारी परतीच्या शंभर किलोमीटरला वेग ताशी अठरावर आला तर उरलेल्या एका तासातलाही अर्धा जातो.

माझ्या पहिल्या २०० ला मी साताऱ्याच्या बाजूच्या कंट्रोलवर बरोबर पाच तासांत पोचले होते. कंट्रोल बंद व्हायला अजून एक तास चाळीस मिनिटं होती. सगळे बसले होते म्हणून मीही बसले, सगळ्यांनी मागवलं म्हणून मीही झणझणीत मिसळ खाल्ली. पंचावन्न मिनिटं कशी गेली कळलं नाही. परतताना वेळे गावाच्या अलीकडे हातांना बारीक थरथर सुटली, रस्त्याची पांढरी पट्टी दोन-दोन दिसायला लागली आणि एका लिंबाखाली सायकल टाकून मी खाली बसले. जळजळीमुळे दोन तास काही खाल्लंच नव्हतं. मागून येणारे साठीच्या आसपासचे एक काका थांबले. त्यांनी विचारपूस काही केली नाही, खिशातून गूळ-शेंगदाण्याची पुडी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ताई, आधी खा. मग बोलू." दहा मिनिटं ते उन्हात तसेच उभे राहिले. मग पुढचे तीस किलोमीटर माझ्या पुढे राहून, वारा स्वतः झेलत, मागे वळून वळून पाहत गेले. मी १३ तास १० मिनिटांनी पोचले. पंचावन्न मिनिटांची ती बैठक मी अजून विसरलेले नाही.

म्हणून थांब्याचा क्रम मी आता पाठ करून जाते. सायकल लावायची, कार्डावर सही घ्यायची, बाटल्या भरायच्या, स्वच्छतागृह, खाणं हातात घ्यायचं आणि निघायचं. सही सगळ्यात आधी. खुर्चीवर बसायचं ते फक्त मधल्या, १०० किलोमीटरच्या कंट्रोलवर, आणि तेही पंचवीस मिनिटं. बाकीच्या ठिकाणी उभ्याने. पहिल्या ५० किलोमीटरमध्ये स्वतःच्या नेहमीच्या वेगापेक्षा मुद्दाम एक-दीड किलोमीटरने सावकाश. लोक पुढे जातात, जाऊ द्या. त्यातले बरेच दुपारी भेटतात.

हँडलवर एका पट्टीवर चार ओळी चिकटवा : कंट्रोलचं नाव, किलोमीटर, बंद व्हायची वेळ, आणि तुम्हाला तिथून निघायची वेळ. दमलेल्या डोक्याला गणित जमत नाही.

रस्ता : पुणे-सातारा उदाहरणादाखल

प्रत्येक क्लबचा मार्ग वेगळा असतो, पण राष्ट्रीय महामार्ग ४८ वरचा हा तुकडा महाराष्ट्रातल्या हजारो रायडर्सच्या पायाखालचा आहे. कात्रज ओलांडलं की खेड शिवापूर, कापूरहोळ, नीरेचा पूल, शिरवळ, साताऱ्याकडचं खंडाळा अशी उतार-चढांची साखळी लागते. सकाळी गार हवेत ती फार सुखाची वाटते आणि पाय आपोआप जोर लावायला लागतात. तिथेच सांभाळा, कारण पुढे खंबाटकी आहे. घाट लागायच्या आधीच हलका गिअर टाका. चढ सुरू झाल्यावर जोर देऊन गिअर बदलला की चेन उतरते. सीटवर बसूनच, एका लयीत, डाव्या कडेने चढायचं. ट्रक इतके हळू जातात की त्यांना ओलांडायचा मोह होतो. तो आवरा. पुढे वेळे, सुरूर, जोशी विहीर, भुईंज, पाचवड, उडतारे. शहरातून सुरुवात कुठून आहे त्याप्रमाणे पाचवडच्या पुढे-मागे शंभर किलोमीटर भरतात.

परतताना साताऱ्याकडून येणारी वाहतूक वर्षानुवर्षं खंबाटकीच्या बोगद्यातून येत आली आहे. नव्या बोगद्यांच्या कामामुळे इथली रचना बदलत असते, म्हणून आयोजकांची सूचना आदल्या रात्री नीट वाचा. कुठल्याही बोगद्यात शिरताना गॉगल काढा, दोन्ही दिवे लावा, एकामागे एक चाला. बाहेर पडल्यावरचा उतार आणि वळणं अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहेत. तिथे ब्रेकवर बोटं ठेवूनच उतरायचं, वेग भरून काढायची ती जागा नव्हे.

या पट्ट्यातला सगळ्यात मोठा धोका मात्र घाटात नाही. हिवाळा म्हणजे उसाचा गाळप हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे जात असतात, बहुतेकांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो, आणि ऊस दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर आलेला असतो. संध्याकाळी सहा ते सात हा वेळ यासाठी सर्वांत वाईट. ट्रॉली ओलांडायची तर आवाज देऊन, भरपूर अंतर ठेवून. रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्यांवरून चाक गेलं की घसरतं, म्हणून हँडल सरळ धरून जा, ऐनवेळी वळवू नका.

बाकीचं थोडक्यात. कडेच्या पट्टीवरून चाला, पण उड्डाणपुलाच्या उतरणीला सर्व्हिस रोडवरून येणाऱ्या आणि उलट दिशेने येणाऱ्या दुचाकींकडे लक्ष ठेवा. कुत्रं मागे लागलं तर वेग वाढवू नका. थांबा, उतरा, सायकल मध्ये धरा आणि मोठ्याने दटावा. बहुतेक कुत्री मागे फिरतात. कानात इअरफोन घालू नका. खिशात ओळखपत्र, रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, आणि पाचेकशे रुपये सुट्या नोटांत ठेवा.

कधी सोडायचं

छातीत दुखणं, घाम थांबून अंग तापणं, बोलण्यात गोंधळ, सतत उलट्या, गुडघ्यात टोचल्यासारखी कळ. यातलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं, सावलीत जायचं आणि आयोजकांना फोन करायचा. पाय दुखणं, सीट टोचणं, आपल्याला जमणार नाही असं वाटणं ही थांबायची कारणं नाहीत. ती १३० ते १६० च्या दरम्यान प्रत्येकाला भेटतात, खाल्लं की बहुतेकदा निवळतात. सोडलंत तर निकालात 'डीएनएफ', म्हणजे राइड पूर्ण केली नाही, अशी नोंद होते, त्यात कमीपणा काही नाही. पण न सांगता टेम्पोत बसून घरी जाणं हा गुन्हा समजा. आयोजक स्वयंसेवक असतात, आणि रात्री नऊ वाजता ते तुम्हाला शोधत अंधाऱ्या रस्त्यावर गाडी घेऊन फिरत असतात.

पोचल्यानंतर

कार्डावर शेवटची वेळ लिहून घ्या, स्वतःची सही करा, सगळ्या चिठ्ठ्या जोडून कार्ड जमा करा. सही राहिली म्हणून अडकलेली कार्डं मी पाहिली आहेत. जमा करण्याआधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पॅरिसहून मान्यता येऊन क्रमांक मिळायला वेळ लागतो, आणि पदक हवं असेल तर ते नोंदणीच्या वेळीच किंवा नंतर पैसे भरून मागवायचं असतं.

अर्ध्या तासाच्या आत काहीतरी खा, वरण-भात-तूप उत्तम. स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नका. बसल्या-बसल्या डोळा लागतो. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं सपाट रस्त्यावर चाला. हाताच्या करंगळीला दोन-तीन दिवस मुंग्या येत राहिल्या तर हँडलवर भार जास्त पडतोय, सीटचं नाक खाली झुकलंय का ते पाहा. चेन त्याच आठवड्यात पुसून तेल द्या.

आणि ३०० ला नाव घालायचं ठरवलंत तर आधी दिवा तपासा. २०० ला तो तास-दोन तास पुरला तरी भागतं. ३०० ला सगळी रात्र सोबत करावी लागते. घरी गच्चीवर पूर्ण चार्ज करून लावून ठेवा आणि किती वाजता विझतो ते लिहून ठेवा. पाकिटावर छापलेले तास सहसा सर्वांत मंद प्रकाशाचे असतात.